रोग दिसेनासा झाल्यावर काय करायचे?

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. अंडाशयाच्या कर्करोगावरची सहावी केमो आटोपली, तपासण्या स्वच्छ आल्या आणि डॉक्टर माझ्या मावशीला म्हणाले, "आता दर तीन महिन्यांनी दाखवायला या." मावशीला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. "म्हणजे आता औषध काहीच नाही?" मी डॉक्टर नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून जुने शोधनिबंध वाचत गेलो. तेव्हा कळले की, हाच प्रश्न तज्ज्ञांनाही कित्येक वर्षे छळत होता.

प्रश्न उभा राहिला तो औषधे गुणकारी ठरल्यामुळेच. अमेरिकेत १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. १९९२ च्या अखेरीस पॅक्लिटॅक्सेल आले. ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीत सापडले होते. शस्त्रक्रियेनंतर ही औषधे दिली की पुष्कळ स्त्रियांचा रोग दिसेनासा होई. पण प्रगत अवस्थेत निदान झालेल्या बहुतेकींमध्ये तो काही वर्षांत परते. त्या काळी उपचारांनंतर पुन्हा पोट उघडून पाहण्याची पद्धत होती. त्यात काहीच न सापडलेल्यांपैकीही सुमारे निम्म्या स्त्रियांना रोगाने पुन्हा गाठले. म्हणजे न दिसणाऱ्या पेशी उरत होत्या. त्या संपवण्यासाठी संपूर्ण पोटाला किरणोपचार, पोटाच्या पोकळीत किरणोत्सारी फॉस्फरस असे उपाय झाले. मिळालेले यश पक्के करायचे, म्हणून या उपचारांना 'कन्सॉलिडेशन' हे नाव पडले.

यातली सर्वांत गाजलेली चाचणी अमेरिकेतल्या दोन संशोधन गटांनी मिळून केली. रोग पूर्ण दिसेनासा झालेल्या स्त्रियांना महिन्यातून एकदा पॅक्लिटॅक्सेल द्यायचे. एका गटाला ३ डोस, दुसऱ्याला १२. २७७ स्त्रियांची नोंद झाली असतानाच देखरेख समितीने चाचणी थांबवली. ३ डोस घेणाऱ्यांत रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ २१ महिने होता, १२ डोस घेणाऱ्यांत २८. २००३ मध्ये हा निकाल छापून आला.

समितीचा निर्णय माणुसकीचाच होता. एवढा फरक दिसत असताना निम्म्या बायकांना कमी औषधावर कसे ठेवायचे? पण त्यामुळे मूळ प्रश्न मात्र अधांतरी राहिला. रोग सात महिने उशिरा परतला, तरी बाई जास्त जगते का? नंतरच्या हिशेबात आयुष्यात ठोस फरक दिसला नाही. शिवाय जादा डोसांची किंमत होतीच: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, दर महिन्याला सलाईन. इटलीतल्या २०० स्त्रियांच्या चाचणीत तर ६ जादा डोसांनी रोग परतण्यालाही खीळ बसली नाही.

मग मोठी चाचणी झाली, ११५७ स्त्रियांची. यात एका गटाला नुसतेच देखरेखीखाली ठेवले. २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. देखरेखीच्या गटात रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ १३.४ महिने, पॅक्लिटॅक्सेलच्या गटात १८.९. आयुष्याचा हिशेब मात्र अनुक्रमे ५४.८ आणि ५१.३ महिने. औषधाने आयुष्य वाढले नव्हते.

याचा अर्थ हा मार्गच खोटा होता, असे नाही. २०१८ मध्ये बीआरसीए जनुकात दोष असलेल्या ३९१ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. केमोनंतर दोन वर्षांपर्यंत ओलापॅरिबच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ७ वर्षांनी सुमारे ६७ टक्के हयात होत्या. नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्यांत हेच प्रमाण ४६.५ टक्के. आधीच ठरवलेल्या कडक सांख्यिकी निकषात हा फरक बसला नाही, तरी तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. फरक पडला तो तेच औषध लांबवून नव्हे, तर त्या गाठीचे नेमके वैगुण्य हेरून.

मावशीने विचारले तेव्हा खात्रीचे उत्तर कुणाकडेच नव्हते. तिच्या डॉक्टरांनी औषध दिले नाही, याला मी बरीच वर्षे हयगय समजत होतो. ते आकडे वाचल्यावर तसे म्हणवत नाही.