फारसीचा पहिला बोलपट

वऱ्हाडांतील माणसाला फारसी भाषा अगदींच परकी नाहीं. अचलपूरच्या इमादशाहीपासून निजामाच्या अमलापर्यंत आपला दरबारी कारभार त्या भाषेच्या छायेंत चालला. दफ्तर, जमीन, फिर्याद हे आपल्या नित्याच्या तोंडचे शब्द त्याच वाटेनें आले. परंतु इराणाकडून इकडे वाहत आलेल्या या भाषेनें एकदां उलटा प्रवासहि केला. पडद्यावर फारसी प्रथम बोलली ती तेहरानांत नव्हे, मुंबईंत.

सन १९३१ मध्यें ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट काढणारे अर्देशीर इराणी मूळचे पुण्याचे. त्याच सुमारास अब्दुलहुसेन सेपंता हा तरुण इराणी लेखक मुंबईंत दिनशा इराणी या पारशी पंडितांच्या सहवासांत प्राचीन इराणचा अभ्यास करीत होता. दोघांची गांठ पडली. इराणांत त्या वेळीं मूकपटांनींच कोठें बाळसें धरलें होतें; ध्वनिमुद्रणाचीं साधनें व अनुभव मात्र मुंबईच्या इंपीरियल कंपनीपाशीं होता. यांतून १९३३ सालीं ‘दुख्तर-ए-लुर’, म्हणजे ‘लुर मुलगी’, हा बोलपट तयार झाला. संवाद सेपंतांचे, नायकाची भूमिकाहि त्यांचीच.

गुलनार ही दरोडेखोरांनीं बालपणीं पळविलेली मुलगी चहाच्या दुकानांत नाचून पोट भरते. जाफर हा सरकारी कामगार तिला सोडवितो. दोघें मुंबईस पळून येतात आणि इराणांत नवी राजवट स्थिरावल्याचें कळतांच मायदेशीं परततात. हा शेवट, स्पष्टच बोलावयाचें तर, रेझाशहाच्या कारभाराची खुषामत आहे. चित्रपटाचें जोडनांवच मुळीं ‘कालचें इराण आणि आजचें इराण’ असें होतें!

खरी अडचण होती ती नायिकेची. पडद्यावर बोलावयास इराणी स्त्री कोठून आणावी? अखेर स्टुडिओंत नोकरीस असलेल्या एका इराण्याची पत्नी रूहअंगीझ ही पुढें आली. ती केर्मान प्रांताची. तिच्या बोलण्यांत तिकडचा हेल स्पष्ट होता. संवाद चित्रणाबरोबरच ध्वनिमुद्रित होत असल्यामुळें तो झांकण्याची सोय नव्हती. अकोल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलीनें सदाशिव पेठेंतली मराठी बोलावी, तसाच कांहींसा हा प्रकार. तेहरानच्या प्रेक्षकांनीं मात्र ती मुलगी डोक्यावर घेतली. ‘मायाक’ आणि ‘सिपाह’ या चित्रगृहांत गर्दी लोटली. आपली भाषा पडद्यावरून कानीं पडते आहे, एवढेंच त्यांना पुरेसें होतें.

टाळ्या चित्रपटाला मिळाल्या, शिक्षा तिला. परक्या पुरुषांसमोर तोंड उघडून गाणारी स्त्री म्हणून रूहअंगीझला आप्तांचा दुरावा आणि रस्त्यांतील शिवीगाळ सोसावी लागली. नायकाच्या वांट्यास यांतलें कांहीं आलें नाहीं.

सेपंतांनीं पुढें ‘फिरदौसी’ आणि ‘शिरीन-फरहाद’ मुंबईंतच काढले, ‘लैला-मजनू’ कलकत्त्यास. इराणांत परतल्यावर मात्र त्यांना पाठबळ मिळालें नाहीं व पुन्हां बोलपट काढतां आला नाहीं. प्रत्यक्ष इराणांत बोलपट तयार होण्यास १९४८ साल उजाडलें.

आणि रूहअंगीझ? तिनें नांव बदललें, एकटीनें आयुष्य काढलें आणि १९९७ सालीं तिचें निधन झालें.