.315 : शिकार संपल्यानंतर उरलेली रायफल

नोव्हेंबर 2024 मध्ये छत्तीसगड सरकारने राज्यातील गुरू घासीदास–तमोर पिंगला हे क्षेत्र देशाचा 56वा व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर केले. सुमारे 2829 चौरस किलोमीटरचे हे अरण्य आकाराने देशातील तिसऱ्या क्रमांकाचे. वृत्तपत्रांनी बातमी दिली, नकाशे छापले. मात्र ज्या जुन्या कोरिया संस्थानाच्या वनभूमीवर या प्रकल्पाचा मोठा भाग पसरला आहे, त्याच संस्थानात 1947 साली महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी एका रात्री तीन चित्ते मारले आणि भारतातील आशियाई चित्त्यांची ती शेवटची नोंदलेली शिकार ठरली, हे फार थोड्यांनी लिहिले.

मी ही बातमी भिलाईत वाचली, तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एक रायफल उघडून ठेवलेली होती. वडील गेल्यानंतर शस्त्र-परवान्याच्या वारसाहक्काचा अर्ज करायचा की ती कायमची जमा करून टाकायची, हा प्रश्न घरात काही महिने लोंबकळत होता. ईशापूरच्या कारखान्यात घडलेली, .315 बोअरची, पाच काडतुसांची ही बोल्ट-ॲक्शन रायफल. साठच्या दशकाच्या अखेरीस पोलाद कारखान्यात नोकरीला असलेल्या माझ्या वडिलांनी ती घेतली, कारण डोंगरगडच्या बाजूला आमची थोडी भातशेती होती आणि कापणीच्या आधीच्या पंधरवड्यात रानडुकरे ती उभी आडवी करून टाकत. परवान्यावर प्रयोजन लिहिलेले आहे : पीकसंरक्षण.

ती रायफल म्हणजे नेमके काय, हे समजायला मला धातुशास्त्र शिकल्यानंतरही बरीच वर्षे लागली.

काडतुसातील दारू पेटते तेव्हा नळीच्या मुळाशी हवेच्या दाबाच्या अडीच ते तीन हजार पट दाब निर्माण होतो. काडतुसाच्या बुडाचे आतील क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या आसपास धरले, तर मागच्या दिशेने बोल्टवर येणारे बल जवळजवळ तीन टन भरते. नेम धरणाऱ्याचा गाल तिथून वीतभर अंतरावर असतो. हे बल अडवण्याचे काम बोल्टवरील दोन लहान पोलादी उंचवटे करतात. दारावरचा कडी-कोयंडा आठवा : दांडी आत सरकवायची आणि फिरवून अडकवायची. बोल्ट-ॲक्शनची सारी कल्पना एवढीच. 1841 मध्ये प्रशियाने योहान ड्रायसे यांची सुईची बंदूक स्वीकारली, तेव्हापासून ती कल्पना आहे. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली आणि दाब एकाएकी वाढले. आता कडी मजबूत करणे भाग होते.

त्या काळात दोन उत्तरे पुढे आली. जर्मनीच्या पॉल माउझर यांनी 1898 च्या रचनेत कडीचे उंचवटे बोल्टच्या अगदी पुढच्या टोकाला, काडतुसाला खेटून ठेवले. त्यामुळे भार आखूड भागावर येतो, पोलाद फारसे दबत-ताणत नाही. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी हे उंचवटे मागे ठेवले होते. अभियंत्याच्या दृष्टीने हा उणा पर्याय, कारण भार बोल्टच्या जवळजवळ साऱ्या लांबीतून वाहतो. परंतु मागे कडी असल्याने बोल्टचा प्रवास कमी होतो, मूठ 90 ऐवजी साधारण 60 अंशांतच उचलावी लागते आणि पुढचे काडतूस झपाट्याने आत जाते. ब्रिटिश सैन्याने ली यांची रचना घेतली. 1895 ची ली-एनफिल्ड तीच आणि ईशापूरला 1904 मध्ये रायफल कारखाना उभा राहिल्यावर भारतात घडू लागलेली रायफलही त्याच वंशाची. आमच्या घरातली .315 तिचीच नागरी धाकटी बहीण.

मग .315 का? ली-एनफिल्ड तर .303 ची. येथे यंत्रशास्त्र संपते आणि राज्यकारभार सुरू होतो.

1857 नंतरचे सरकार शस्त्रांबाबत कमालीचे सावध होते. 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली, गोऱ्यांना मोकळे सोडले. पुढे आणखी एक धागा जोडला गेला : सैन्य जे काडतूस वापरते ते नागरिकाच्या रायफलीत बसता कामा नये. छावणीतून चोरलेले काडतूस बाहेरच्या कोणत्याही रायफलीत निरुपयोगी ठरावे, हा त्यामागचा हिशेब. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .450 बोअरवरही अशीच गदा आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर फिरत होत्या. इंग्लंडमधील बंदूककारांनी लगोलग .470, .465 अशी नवी मापे काढून भारतातील गिऱ्हाईक राखले. हत्ती किंवा गवा मारायला त्या पंधरा-वीस सहस्रांश इंचांनी काहीही फरक पडत नव्हता.

.303 ला मात्र पर्याय हवा होता, तो सापडला ऑस्ट्रिया-हंगेरीत. त्या साम्राज्याच्या सैन्याचे मानलिखर काडतूस आठ मिलिमीटरचे, बुडाला कड असलेले. कड असल्यामुळे ते ली यांच्या पेटीत आणि बोल्टवर फारशा खटपटीशिवाय बसले. आठ मिलिमीटर म्हणजे 0.315 इंच, म्हणून भारतात त्याचे नाव पडले ‘तीनशे पंधरा’. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने या मापाच्या शिकारी रायफली भारतासाठी घडवल्या, पुढे ईशापूरने.

यातला विरोधाभास मला अजून थक्क करतो. आपल्याच सरकारच्या सैन्याचे काडतूस बाळगणे गुन्हा, पण परक्या साम्राज्याच्या सैन्याचे चालते. आणि 1914 मध्ये तर ते साम्राज्य शत्रुपक्षातच गेले. जिम कॉर्बेट यांना 1907 मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल संयुक्त प्रांताच्या नायब गव्हर्नरांनी भेट दिलेली रिग्बी कंपनीची .275 घ्या. ते काडतूस म्हणजे सात मिलिमीटरचे माउझर, ज्याने दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी नुकतेच ब्रिटिश सैनिक टिपले होते. नाव इंग्रजी इंचांत लिहिले की गोष्ट सभ्य होत असे.

स्वातंत्र्य आले, 1959 चा शस्त्र कायदा आला, 1962 चे नियम आले आणि जुनी तरतूद नव्या शब्दांत कायम राहिली. .303 आणि 7.62 मिलिमीटरची सैनिकी काडतुसे ज्यांत बसतील अशा रायफली सामान्य नागरिकासाठी निषिद्धच. ऑस्ट्रियाने ते आठ मिलिमीटरचे काडतूस केव्हाच निवृत्त केले, साम्राज्य तर 1918 मध्येच लयाला गेले. भारतात मात्र ते वसाहतकालीन धास्तीच्या जोरावर तगून राहिले. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘अवशेषी अवयव’ ही संज्ञा ठाऊक असेल. एखाद्या काडतुसाच्या बाबतीत ती इतकी चपखल लागू पडावी, हे दुर्मीळच. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या आणि ईशापूरचा कारखाना त्यांपैकी एकीकडे गेला.

वडिलांची एक वही आहे. तिच्यात प्रत्येक काडतुसाचा हिशेब आहे, कारण परवानाधारकाला तो द्यावाच लागतो. पण त्यांनी शेजारी शेरेही लिहून ठेवले. रायफल उजव्या खांद्याला कसा धक्का देते, पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगून नळीला टेकला की नेम कसा वर जातो, जानेवारीच्या पहाटे घट्ट झालेल्या तेलामुळे बोल्ट कसा जड चालतो. ली यांच्या रचनेत मुख्य स्प्रिंग बोल्ट बंद करताना दबते, माउझरमध्ये उघडताना. वडिलांना हे पुस्तकी ज्ञान नव्हते, पण ‘शेवटच्या बोटभर अंतरात ती विरोध करते’ असे त्यांनी नेमके टिपले आहे. साठ मीटरच्या पुढे अंधुक प्रकाशात उघड्या माशीने नेम धरू नये, असाही एक शेरा. त्याखाली फक्त तारीख. आईने मला नंतर सांगितले की त्या पहाटे जखमी झालेले डुक्कर त्यांना दुपारपर्यंत माग काढूनही सापडले नव्हते. तिसऱ्या दिवशी ते ओढ्याकाठी मिळाले. बावीस वर्षांत 29 काडतुसे उडाली. त्यातली अकरा केवळ माशी जुळवण्यासाठी.

या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. कान्हाच्या जंगलात 1963 ते 1965 या काळात वाघांचा अभ्यास करणारे जॉर्ज शॅलर यांना सरगुजाच्या महाराजांनी पत्राने आपली एकूण शिकार कळवली होती : 1150 वाघ. सरगुजा कोरियाच्या शेजारचेच संस्थान. वीज-दिवे, मोटार आणि चटकन भरणारी रायफल हे तिन्ही एकत्र आल्यावर काय होते, ते 1947 च्या त्या रात्रीने दाखवले. कोरियाच्या महाराजांना मोटारीतून जाताना ते तीन चित्ते एकत्र दिसले. तिन्ही नर, ऐन उमेदीतले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे छायाचित्रासह हा वृत्तांत पोहोचला, तेव्हा संपादकांनी तो छापला खरा, पण सोबत आपली उघड घृणाही नोंदवली. शिकारी सभासदांनी भरलेल्या त्या काळातील संस्थेसाठी ही लहान गोष्ट नव्हती. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

तरीही सारा दोष रायफलीच्या माथी मारणे मला इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे वाटते. चित्ता संपत आला होता तो आधीपासून. शतकानुशतके राजेरजवाड्यांनी काळवीट पकडण्यासाठी रानातले चित्ते धरून शिकवले आणि बंदिवासात त्यांची वीण जवळजवळ होतच नसे. जहांगीरच्या काळातील एका वेताची नोंद म्हणूनच इतकी अपूर्व मानली जाते. प्रत्येक पाळीव चित्ता रानातून वजा होत होता. कोल्हापूर दरबारचे चित्तेवान प्रसिद्ध होते, आणि विसाव्या शतकात कोल्हापूरला शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून आणावे लागले, यातच सारे आले. त्यात गवताळ माळ नांगराखाली गेले, ब्रिटिश अमदानीत चित्ता मारल्याबद्दल बक्षिसेही दिली गेली. कोरियातल्या गोळ्या दीर्घ आजाराच्या अखेरीस आल्या. 17 सप्टेंबर 2022 रोजी कुनोत नामिबियाचे आठ चित्ते सोडले गेले, ते आफ्रिकी उपजातीचे. आशियाई चित्ता आता केवळ इराणमध्ये, तोही अगदी मोजका.

कायद्याबाबत एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एका फटक्यात बंद झाली, असे आपण शाळेत शिकतो. वाघाच्या शिकारीवर 1970 मध्येच बंदी आली होती. 1972 च्या मूळ कायद्यात मात्र काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने देण्याची तरतूद शिल्लक होती. ते दार 1991 च्या दुरुस्तीने बंद केले. वडिलांच्या वहीतील शेवटची नोंदही त्याच सुमाराची आहे. योगायोग असेल, त्यांनी कधी काही सांगितले नाही. 1972 मध्येच भिलाईत मैत्रीबाग प्राणिसंग्रहालय सुरू झाले आणि ज्या माणसाने रानडुकरांसाठी रायफल घेतली, तोच आम्हा मुलांना रविवारी पांढरे वाघ दाखवायला तिथे नेत असे.

आज कायद्यात एक अरुंद फट उरली आहे : माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यातील टी-1, म्हणजे अवनी वाघीण, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ अशाच आदेशाखाली मारली गेली. तेरा माणसांचे मृत्यू तिच्यावर नोंदले होते, दहा-अकरा महिन्यांचे दोन बछडे तिच्यामागे होते. आधी बेशुद्धीची सुई मारण्याचा खरोखर प्रयत्न झाला का, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादातील तांत्रिक मुद्दा विज्ञानाच्या वाचकांनी पाहण्याजोगा आहे. सुई वायूच्या दाबाने काही दशक मीटरच जाते आणि औषध भिनायला मिनिटे लागतात. रायफलीची गोळी आवाजाच्या वेगाला मागे टाकून जाते. रात्री, उघड्या जीपमध्ये, समोर वाघीण असताना माणूस या दोहोंपैकी काय उचलतो, हा प्रश्न कायद्याच्या कलमाने सुटत नाही. पिके उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांसाठीही परवानगी मिळू शकते, पण त्यासाठीचे कागद पूर्ण होईस्तोवर भात कापून झालेले असते. आमच्या शेजारचे शेतकरी फटाके वाजवतात आणि जागरण करतात.

गेली तीस-बत्तीस वर्षे या रायफलीने केवळ एक प्रवास केला आहे : दर निवडणुकीला घरून ठाण्यात आणि निकालानंतर ठाण्यातून घरी. प्रत्येक वेळी ती परत आली की वडील नळीतून चिंधी फिरवत, बोल्ट काढून तेलाचा एक थेंब सोडत. 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली, म्हणून त्यांना अखेरच्या आजारात नूतनीकरणासाठी हेलपाटे घालावे लागले नाहीत. माझ्या मुलाचे म्हणणे, ती जमा करून मोकळे व्हावे. बहिणीला वाटते, वडिलांची वस्तू आहे, राहू द्यावी. मी अर्जाचा नमुना आणला. ‘शस्त्र कोणत्या कारणासाठी हवे’ या रकान्यापाशी येऊन थांबलो आहे. वडिलांनी तिथे जे लिहिले होते, ते मला लिहिता येत नाही, कारण ती शेती आम्ही सात वर्षांपूर्वी विकली.

वहीच्या हिशेबाप्रमाणे सहा काडतुसे शिल्लक आहेत. ती मोजून मी पुन्हा डब्यात ठेवली.