क्रीडाग्रंथ आणि सामाजिक इतिहासाची साधने

मुंबई इलाख्याच्या अर्वाचीन इतिहासाची साधने म्हणून सरकारी दप्तरे, वृत्तपत्रे, परिषदांचे अहवाल आणि पुढाऱ्यांची चरित्रे यांचा उपयोग अभ्यासक नेहमीच करीत आले आहेत. खेळाडूंनी व क्रीडारसिकांनी लिहिलेली पुस्तके मात्र दीर्घकाळ या पंक्तीबाहेर राहिली. धावा व बळी यांच्या आकड्यांत इतिहास तो काय असावयाचा, अशी समजूत यामागे असावी.

ही समजूत किती फसवी आहे, हे शापूरजी सोराबजी यांच्या १८९७ मधील पारशी क्रिकेटविषयक इंग्रजी ग्रंथावरून दिसते. वरकरणी तो खेळाचा वृत्तांत होय. परंतु त्याचा गाभा मैदानाच्या हक्काचा आहे. युरोपियनांच्या पोलोमुळे एस्प्लनेड मैदानाची हिरवळ उखडली जाई. तिच्यावर क्रिकेट खेळणाऱ्या एतद्देशीयांनी १८८१ पासून सरकारकडे अर्ज केले, त्यांची ही हकीकत आहे.

पी. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' (१९४८) हे मराठी आत्मचरित्र याहूनही मोलाचे आहे. पालवणकर बंधू चर्मकार समाजातील. वडीलबंधू बाळू पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीत होते. तेथेच इंग्रज फलंदाजांना चेंडू टाकता टाकता ते अव्वल दर्जाचे डावखुरे गोलंदाज बनले. हिंदू संघाला त्यांच्या गोलंदाजीची गरज होती. म्हणून मैदानावर स्पर्श चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे नियुक्त कर्णधारपद त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. १९२० साली याच पदावरून वाद माजला व विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले.

या कर्णधारपदानंतर पंचवीस वर्षांनी हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, हे विसरता कामा नये. आठवणींना कालांतराने आकार येतो आणि जुने शल्यही लेखणीतून उतरते. सबब समकालीन वृत्तपत्रांशी ताडून पाहिल्यावाचून अशा ग्रंथातील तपशील प्रमाण मानता येणार नाही. तथापि हीच सावधगिरी मान्यवर पुढाऱ्यांच्या आत्मचरित्रांबाबत कितीजण बाळगतात?

रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान दिले. मराठी वाचकाच्या हाताशी असलेले साधन इतिहासात रुजण्यास अर्ध्याहून अधिक शतक लागले आणि तेही इंग्रजीच्या वाटेने, हे आपल्या संशोधनास भूषणावह नाही.

१९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. केवळ राजकीय कागदपत्रे चाळणाऱ्यास हा पराभूत उमेदवार एक अपरिचित नाव वाटेल. आंबेडकरांसमोर उभे करण्यास काँग्रेसने याच माणसाची निवड का केली आणि त्याला इतकी मते का मिळाली, याचा उलगडा क्रिकेटच्या पुस्तकांतून होतो.