गवाक्ष-वेगमापन, प्रकाशीय
आघाताने दबणाऱ्या नमुन्याच्या पृष्ठाचा वेग, त्याला जोडलेल्या पारदर्शक स्फटिकाच्या खिडकीतून (गवाक्षातून) लेसर प्रकाशाच्या कंप्रताबदलावरून (पहा: डॉप्लर परिणाम) मोजण्याची पद्धत. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या बार्कर व हॉलनबाख यांनी 1972 मध्ये व्हायझार हा व्यतिकरणमापक (पहा: व्यतिकरण) मांडला. मोकळ्या पृष्ठाशी दाब शून्यावर येतो. खिडकी तो टिकवते, म्हणून ती हवी. मात्र दबलेल्या खिडकीचा प्रणमनांक बदलतो, आणि लिथियम फ्लुओराइडमधून दिसणारा वेग खऱ्याच्या सुमारे 1.27 पट भरतो. मग मापन विश्वसनीय कसे, हा आक्षेप रास्त आहे. पण प्रणमनांक घनतेशी रेषीय प्रमाणात बदलत असेल तर हे गुणोत्तर स्थिरच राहते, तरंगाचा आकार बदलता असला तरीही. म्हणून ज्ञात वेगाच्या आघाताने केलेले अंशांकन पुरेसे ठरते. मात्र खिडकी म्हणून वापरलेला नीलमणी स्थितिस्थापक मर्यादेपलीकडे पारदर्शकता गमावतो. तेथे तो निरुपयोगी.