दरजा

परसातल्या भिंतीच्या दरजा भरणे हे काही कादंबरीकाराचे काम नव्हे. परंतु आमच्या वाड्याचे बाकीचे सगळे गेले, राहिली ती ही काळ्या दगडाची भिंत. आणि तिच्या दरजांत हौसेने सिमेंट लिंपणाराही मीच. दोनतीन पावसाळ्यांत सिमेंटचे पापुद्रे सुटले, आत पाणी कोंडले आणि गेल्या वर्षी भिंतीला पोट आले. पलीकडच्या बोळातून शाळेची मुले जातात. पाडायची की सावरायची, एवढेच ठरवायचे होते.

गावातल्या वृद्ध गवंड्याला, तात्यांना, बोलावले. भिंतीवरून हात फिरवून ते म्हणाले, "मास्तर, दगुड चांगला हाय. चूक मधी हाय."

तात्यांचे हे 'मधले' म्हणजे चुना. देशावर चुनखडी भाजीत, कोकणात शिंपले. भट्टीत दगडातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी पडताच तो खदखदतो, फुलतो, विरतो. मग वाळूबरोबर त्याला घाणीत मळायचे: वर्तुळाकार चर आणि त्यात बैलाने ओढलेले दगडी चाक. ही चाके कित्येक गडांवर अजून पडलेली आहेत. आमच्या सहलीतली मुले त्यांवर बसून डबे खातात. गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणीही त्यात घालीत. भिंतीत गेलेला चुना हवेतला तोच वायू सावकाश परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. मात्र शेजारच्या चिऱ्याहून मऊ. भिंत जराशी हलली तर तो सोसतो, आतली ओल त्याच्यातून वाळते. झिजायचे ते त्याने, चिऱ्याने नव्हे.

सिमेंट त्यामानाने कालचे. लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला. धरणे, पूल त्याने खुशाल बांधावेत, माझे भांडण नाही. जुन्या भिंतीत मात्र ते ताठ बसते आणि पाण्याची वाट अडवते.

अर्थात चुन्याची भिंत बांधून विसरायची नसते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे १७१५ च्या आज्ञापत्रात तटावर वाढणारी झाडे कापावीत, गवत जाळावे, गडाला जणू न्हाऊ घालावे, असे सांगितले आहे. आम्ही वर्गात लढाया रंगवून शिकवतो. तटातले पिंपळाचे रोप उपटणाऱ्या माणसावर मी आजवर एकही प्रश्न काढलेला नाही.

पोट आलेला भाग तात्यांनी नातवाकडून उतरवून पुन्हा रचून घेतला. दरजा माझ्याकडे आल्या. सिमेंट काढताना छिन्नीने दोन चिऱ्यांच्या कडा मी उडवल्याच. दरज इंचभर खोल कोरायची, कुंचल्याने धूळ काढायची, पाणी मारायचे. मी पाणी मारायला कंटाळलो. कोरडा दगड चुन्यातली ओल पिऊन बसला आणि माझी पहिली ओळ भुकटी होऊन पायाशी पडली. पुढची ओळ मी वरवर सारवली. तात्या ओरडले, "मास्तर, तोंड रंगवू नका. प्वाट भरा."

कोरताना एका जागी आतला चुना पांढरा आणि त्यावरचा तांबूस, विटेच्या भुकटीचा निघाला. म्हणजे माझ्या आधीही कोणीतरी या दरजा भरल्या होत्या. घरच्या कागदांत याचा उल्लेख नाही. न्यायालयातल्या तीन दाव्यांचा आहे.

आठवडाभर भिंतीवर ओली गोणपाटे होती. माझी बोटे चुन्याने फुटली, आईने खोबरेल लावले आणि वर चार शब्दही ऐकवले.

बोळाकडच्या बाजूने यंदाचा पावसाळा सोसला. विहिरीकडे चार हात सिमेंट अजून आहे. ते मार्गशीर्षात काढायचे. तात्यांना आता नीट दिसत नाही. खुर्ची टाकून बसेन, म्हणाले. करणीच्या आवाजावरून कळते, पोट भरले की नाही ते.