न्यूयॉर्कचे अर्धवेळ विद्यार्थी आणि शुल्कसाहाय्य

दिवसा नोकरी आणि संध्याकाळी महाविद्यालय, असा दिनक्रम असलेल्या विद्यार्थ्याला सरकारने शुल्कासाठी साहाय्य द्यावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अनेक दशके रेंगाळला. २०२२ साली राज्याने आपली मुख्य साहाय्य योजना अर्धवेळ विद्यार्थ्यांना खुली केली. मात्र उत्पन्नमर्यादेच्या अटीमुळे त्यातील अनेकांना आणखी दोन वर्षे दाराबाहेरच थांबावे लागले.

योजनेचे स्वरूप

‘ट्युइशन असिस्टन्स प्रोग्राम’ अर्थात ‘टॅप’ ही योजना १९७४ साली सुरू झाली. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, आर्थिक संकटात सापडलेल्या न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात, म्हणजे ‘क्युनी’त, मोफत शिक्षणाची जुनी परंपरा संपुष्टात आली. त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘टॅप’चे महत्त्व वाढले. हे साहाय्य म्हणजे कर्ज नव्हे; त्याची परतफेड करावी लागत नाही. वर्षाला कमाल ५,६६५ डॉलर एवढी रक्कम शुल्कापोटी दिली जाते.

योजनेची रचना मात्र पूर्णवेळ विद्यार्थी गृहीत धरून झाली होती. पूर्णवेळ म्हणजे प्रत्येक सत्रात किमान १२ श्रेयांक. अर्धवेळ विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र योजना होती. पण तिचा निधी मर्यादित आणि लाभार्थी निवडण्याचा अधिकार महाविद्यालयांकडे. पात्र ठरूनही साहाय्य मिळेलच, याची शाश्वती नव्हती.

अटीतील विसंगती

२००६-०७ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी ‘अर्धवेळ टॅप’ची तरतूद झाली. परंतु त्यासाठी सलग दोन सत्रांत प्रत्येकी १२ श्रेयांक मिळवण्याची अट होती. म्हणजेच अर्धवेळ शिकण्यासाठी साहाय्य हवे, तर आधी वर्षभर पूर्णवेळ शिकून दाखवावे लागे. ज्याला नोकरी सोडणे शक्यच नव्हते, त्याच्या दृष्टीने ही तरतूद कागदावरच राहिली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘एक्सेलसियर’ शिष्यवृत्तीनेही वर्षाला ३० श्रेयांकांची अट घालून पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच झुकते माप दिले.

२०२२चा बदल

गव्हर्नर कॅथी होकल यांच्या कार्यकाळातील २०२२च्या अर्थसंकल्पाने पूर्णवेळ शिक्षणाची ही पूर्वअट काढून टाकली. राज्य विद्यापीठ ‘सुनी’, ‘क्युनी’ आणि ना-नफा तत्त्वावरील खासगी महाविद्यालयांत सत्राला किमान सहा श्रेयांक घेणारा विद्यार्थी पात्र ठरू लागला. साहाय्य श्रेयांकांच्या प्रमाणात मिळते. सहा श्रेयांकांना पूर्ण रकमेच्या निम्मे, तर नऊ श्रेयांकांना पाऊण. योजनेचा लाभ घेण्याची मुदतही त्याच प्रमाणात खर्ची पडते. त्यामुळे सावकाश शिकणाऱ्याचे नुकसान होत नाही.

उत्पन्नाचा अडसर

तरीही एक गाठ सुटली नव्हती. अविवाहित, स्वावलंबी आणि अवलंबित नसलेल्या विद्यार्थ्यासाठी करपात्र उत्पन्नाची मर्यादा अवघी १०,००० डॉलर होती. २०२२ मध्ये न्यूयॉर्क शहरात किमान वेतन तासाला १५ डॉलर होते. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याची वर्षाची कमाई ३१,२०० डॉलर होई. राज्याच्या प्राप्तिकरातील ८,००० डॉलरची प्रमाणित वजावट धरली, तरी तो मर्यादेच्या कितीतरी वर राही. किमान वेतनावर राबणारा कामगार साहाय्यासाठी ‘सधन’ ठरत होता.

२०२४च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा ३०,००० डॉलरवर नेली. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८०,००० वरून १,२५,००० डॉलर झाली, तर किमान साहाय्य ५०० वरून १,००० डॉलरवर गेले.

भारतातून ‘एफ-१’ व्हिसावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना या बदलाचा उपयोग नाही. ‘टॅप’ राज्यातील पात्र रहिवाशांसाठी आहे. शिवाय त्या व्हिसावर सामान्यतः पूर्णवेळ शिक्षण बंधनकारक असते.

सत्राला एखादाच विषय झेपणारा, म्हणजे सहापेक्षा कमी श्रेयांक घेणारा विद्यार्थी मात्र या विस्तारानंतरही बाहेरच राहिला. शुल्कसाहाय्याची दारे कोणासाठी उघडतात, हे केवळ निधीवर नव्हे, तर नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणता विद्यार्थी असतो यावरही ठरते, हेच न्यूयॉर्कच्या या अनुभवातून दिसते.