महाराष्ट्रातील मानवी अपव्यापारविरोधी कारवाई

मानवी अपव्यापार म्हणजे धाकदपटशा, फसवणूक, प्रलोभन किंवा अधिकाराचा गैरवापर करून, शोषणाच्या हेतूने माणसाची भरती करणे, त्याला अन्यत्र नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे होय. वृत्तपत्रांत यासाठी ‘मानवी तस्करी’ हा शब्द रूढ आहे. तस्करी या शब्दाने सीमा ओलांडल्याचा बोध होतो. या गुन्ह्याला मात्र देशाची वा जिल्ह्याची सीमा ओलांडली जाण्याची अट नाही. शेजारच्या तालुक्यात नेऊन डांबून राबवणे हाही अपव्यापार ठरू शकतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार या दोहोंना एकाच ठिकाणी मनाई केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सतराव्या शतकात युरोपीय व्यापारी कंपन्या भारताच्या किनाऱ्यांवरून गुलामांची खरेदी-विक्री करीत. छत्रपती शिवाजी महाराजांनी कर्नाटक मोहिमेच्या वेळी, १६७७ मध्ये, डच कंपनीला दिलेल्या कौलात आपल्या अमलाखालील प्रदेशात स्त्री-पुरुष गुलामांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली. ब्रिटिश काळात मुंबई प्रांतात १९२३ चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आणि १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा झाला. देवदासी प्रथेच्या निर्मूलनासाठी महाराष्ट्र राज्याने २००५ चा स्वतंत्र अधिनियम केला.

कायदे

न्यूयॉर्क येथे ९ मे १९५० रोजी स्वाक्षरी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून भारताने १९५६ मध्ये कायदा केला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर तो ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ या नावाने ओळखला जातो. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगणे आणि त्यासाठी व्यक्ती मिळवून आणणे हे या अधिनियमाखाली गुन्हे आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या २००० मधील पालेर्मो प्रोटोकॉलला भारताने २०११ मध्ये अनुसमर्थन दिले. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० बदलून अपव्यापाराची व्यापक व्याख्या करण्यात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली असून शोषणाच्या प्रकारांत भीक मागायला लावण्याचाही समावेश झाला आहे. एका प्रौढ व्यक्तीच्या अपव्यापारास सात ते दहा वर्षे सश्रम कारावास, तर बालकाच्या अपव्यापारास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पीडित व्यक्तीची संमती होती, हा बचाव या कलमाखाली चालत नाही. अपव्यापार झालेल्या व्यक्तीला जाणूनबुजून लैंगिक शोषणासाठी वापरणे हा कलम १४४ खाली वेगळा गुन्हा आहे.

पोलीस यंत्रणा व कारवाईची पद्धत

मुंबईत अशा कारवाया प्रामुख्याने पोलिसांची समाज सेवा शाखा करते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष उभारले गेले. हरवलेल्या बालकांच्या शोधासाठी २०१५ पासून ‘ऑपरेशन मुस्कान’ ही मोहीम राबवली जाते. रेल्वे स्थानकांवर व गाड्यांत एकट्या किंवा संशयास्पद सोबतीने प्रवास करणाऱ्या बालकांकडे रेल्वे सुरक्षा बल लक्ष ठेवते.

१९५६ च्या अधिनियमानुसार विशेष पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटाशिवाय झडती घेता येते. मात्र झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलीस बरोबर असाव्या लागतात. दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावे लागते व त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. सोडवलेल्या स्त्रियांची विचारपूस महिला पोलिसांनीच करावी, असा नियम आहे. त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे, तर अल्पवयीन मुलींना बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते.

१९९६ ची मुंबईतील कारवाई

मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या दखलीनंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये पोलिसांनी कामाठीपुरा व लगतच्या वस्तीतील कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले आणि ४०० हून अधिक मुली व स्त्रियांची सुटका केली. त्यांत नेपाळमधून आणलेल्या मुलींची संख्या मोठी होती. सुटकेनंतरचा प्रश्न मात्र छाप्याहून अवघड ठरला. शासकीय गृहांत एवढ्या मुलींना ठेवण्याची पुरेशी सोय नव्हती आणि नागरिकत्वाच्या कागदपत्रांअभावी नेपाळी मुलींना परत घेण्यास तेथील सरकार उत्सुक नव्हते. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन अनेकींना मायदेशी नेले. परतलेल्या मुलींनीच काठमांडू येथे ‘शक्ती समूह’ ही संस्था स्थापन केली. तिला २०१३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

न्यायालयीन निर्णय

कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये महत्त्वाचे निर्देश दिले. सोडवलेल्या अल्पवयीन मुलीला आरोपी न मानता काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानावे, आई-वडील वा पालक योग्य असल्याची खातरजमा झाल्याखेरीज तिचा ताबा देऊ नये आणि कुंटणखाना चालवणाऱ्यांच्या वकिलाने त्याच खटल्यात सोडवलेल्या मुलीची बाजू मांडू नये, असे त्यांत म्हटले होते. ‘नातेवाईक’ म्हणवणारे लोक मुलींना सोडवून पुन्हा त्याच धंद्यात ढकलत. त्या मार्गाला या निर्देशांनी पायबंद घातला.

सप्टेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने प्रौढ स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात डांबून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही छाप्याच्या वेळी स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना अटक, दंड वा छळ करू नये, असे निर्देश दिले.

वेठबिगारी आणि रायगड जिल्हा

रायगड जिल्ह्यात, विशेषतः महाड व पोलादपूरसारख्या डोंगराळ तालुक्यांत, अपव्यापाराचा प्रश्न वेठबिगारीशी जोडलेला आहे. येथील कातकरी समाज केंद्र सरकारच्या वर्गीकरणानुसार विशेष दुर्बल आदिम गटांत मोडतो. पावसाळ्यानंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून उचल किंवा बयाणा घेतला जातो. हिशेब मालकाच्या वहीत राहतो, मजुरीतून उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाचे श्रमही गहाण पडतात. लग्न, आजारपण किंवा पावसाळ्यातील उपासमार ही उचल घेण्याची नेहमीची कारणे असतात.

१९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमाने अशी कर्जे रद्द ठरवली. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने धनकोवर टाकली आहे. जिल्हाधिकारी व प्रांताधिकारी हे या कायद्याचे मुख्य अंमलदार आहेत. चौकशीनंतर मुक्तता प्रमाणपत्र दिले जाते आणि पुनर्वसनाचे अर्थसाहाय्य त्याआधारे मिळते. ठाणे, पालघर व रायगड पट्ट्यात विवेक पंडित व विद्युल्लता पंडित यांनी उभारलेल्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार मुक्तीचे दीर्घकाळ काम केले आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी मुलांना अल्प रकमेच्या व मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवल्याचे प्रकरण एका मुलीच्या मृत्यूनंतर उघडकीस आले आणि हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

अडचणी

गुन्हा एका ठिकाणी सुरू होऊन दुसऱ्या राज्यात पूर्ण होत असल्याने तपास विखुरतो. साक्षीदार मूळ गावी परततात व खटले लांबतात. वीटभट्टीवरील प्रकरणात वेठबिगारी व अपव्यापाराची कलमे न लावता केवळ मजुरीच्या थकबाकीचा वाद म्हणून नोंद झाली, तर मुक्तता प्रमाणपत्राचा व पुनर्वसनाचा मार्गच बंद होतो. सुटका झालेले कुटुंब रोजगाराअभावी पुन्हा त्याच मुकादमाच्या दारी जाण्याचा धोका असतो. त्यामुळे गुन्हा नोंदवण्याइतकेच जमीन, शिधापत्रिका, रोजगार हमीचे काम व मुलांची शाळा या गोष्टींनाही प्रतिबंधाच्या कामात महत्त्व आहे.

तातडीच्या मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन, १०९८ हा बालकांसाठीचा आणि १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.